नळकृमीचे बिऱ्हाड : एका सूक्ष्म जीवाची जीवनकथा



या शाळेत शास्त्र हा विषय आयुष्यभर शिकविणाऱ्या गुरुजींच्या स्मरणार्थ चालविल्या जाणाऱ्या व्याख्यानमालेत आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेत वाचल्यावर अनेकांना आश्चर्य वाटले असेल. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने ज्ञानेश्वरीवर बोलावे, महानुभावांच्या गद्यावर बोलावे. समुद्रातल्या एका किड्यावर त्याने का बोलावे? आणि तेही जामबागेत, जिथून मछलीपट्टणचा किनारा तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे!

याचे पहिले कारण भाषेचे आहे. आधुनिक शास्त्र देशी भाषेतून शिकविता येईल काय, हा प्रश्न या शहराला नवा नाही. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने सर्व शास्त्रे उर्दूतून शिकविण्याचा प्रयोग केला आणि त्यासाठी दारुत्तर्जुमा हा भाषांतर विभाग उभारून हजारो पारिभाषिक शब्द घडविले. त्या प्रयोगाच्या गुणदोषांची चर्चा आजचा विषय नव्हे. परंतु भाषा शब्दसंग्रहाने जगत नाही, सांगण्याने जगते, हा धडा त्यातून घ्यावयास हरकत नाही. विज्ञानातील एखादी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत सांगता येते की नाही, हे सांगूनच पाहावे लागते.

दुसरे कारण त्या जीवाच्या चरित्राचे. त्याच्या आयुष्यात एकच निर्णय असतो. तो एकदाच घ्यावयाचा असतो, तो कधीही मागे घेता येत नाही, आणि तो घेण्यासाठी त्याला आपल्या आधी तेथे येऊन राहिलेल्यांची साक्ष लागते. हा निर्णय माणसाने पुष्कळ काळ समजून घेतला नाही. त्याची किंमत समुद्राने मोजली.

कुळ आणि नाव

आपल्याला परिचित असलेल्या गांडुळापासून आरंभ करू. गांडुळाचे शरीर अंगठ्या एकीला एक जोडाव्यात तशा वलयांचे बनलेले असते. म्हणून त्याच्या संघाला मराठी शास्त्रग्रंथांत ‘वलयी’ म्हणतात. जळू हीही त्याच कुळातली. या कुळाची सर्वांत मोठी आणि विविध शाखा मात्र समुद्रात नांदते. तिच्यातील प्राण्यांच्या वलयांवर ताठर केसांचे झुबके असतात, म्हणून त्या शाखेच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘बहुरोमी’ असा होतो. आपला आजचा चरित्रनायक याच शाखेतला आहे. त्याचे शास्त्रीय नाव हायड्रॉयडीस एलेगन्स. यातील ‘एलेगन्स’ म्हणजे देखणा. मी त्याला नळकृमी म्हणेन, कारण तो स्वतः बांधलेल्या चुन्याच्या पांढऱ्या नळीत जन्मभर राहतो.

या नावाचीही एक कथा आहे आणि ती पाठचिकित्सा करणाऱ्याला ओळखीची वाटेल. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या बंदरातून विल्यम हॅसवेल यांनी १८८३ साली या जातीचे वर्णन केले. तथापि पुढे कित्येक दशके जगभरच्या उष्ण बंदरांतील हाच कृमी ‘नॉर्वेचा नळकृमी’ या भलत्याच नावाने नोंदला गेला. ती खरोखर थंड समुद्रातील वेगळी जात होय. एका पोथीतील अपपाठ पुढच्या प्रत्येक नकलेत उतरत जावा, तसे हे नाव एका निबंधातून दुसऱ्यात उतरत गेले. भारतीय किनाऱ्यावरच्या जुन्या नोंदींतही तेच आढळते. १९७० च्या सुमारास अभ्यासकांनी मूळ नमुने पुन्हा तपासून पाठ शुद्ध केला. शास्त्रातही संहितेची चिकित्सा करावी लागते, ती अशी.

घर आणि घरधनी

प्रौढ नळकृमीची नळी साधारण दोन-तीन सेंटिमीटर लांबीची, कधी सरळ, कधी नागमोडी असते. दगड, शिंपला, बंदराचा खांब, जहाजाचा तळ, जे काही घट्ट व बुडलेले असेल त्याला ती चिकटलेली असते. कृमीच्या मानेभोवती एक गळपट्टी असते. गळपट्टीखालच्या ग्रंथी चुन्याचा लगदा स्रवतात आणि गवंड्याने थापीने लिंपावे तशी ती गळपट्टी तो लगदा नळीच्या तोंडावर लिंपीत जाते. घर मागे वाढत नाही. ते तोंडाशीच कड्याकड्यांनी वाढते.

नळीच्या तोंडातून पिसांसारख्या तंतूंचा एक तुरा बाहेर येतो. तेच त्याचे जेवणाचे ताट आणि तेच त्याचे श्वसनाचे साधन. तंतूंवरच्या अतिसूक्ष्म केसांना शास्त्रीय मराठीत पक्ष्माभिका म्हणतात. पापणीच्या केसांवरून केलेला हा शब्द मला फार आवडतो. त्या सतत हालत राहून पाण्याचा प्रवाह आत ओढतात आणि त्यातील सूक्ष्म कण गाळून तोंडाकडे नेतात. तुऱ्यातील एक तंतू बदलून त्याचे बूच झालेले असते. त्याच्या टोकाला काट्यांचा मुकुट असतो. वरून सावली पडली की क्षणार्धात तुरा आत ओढला जातो आणि बूच दाराला बसते. ज्याला पळता येत नाही, त्याला दार तरी लावता आले पाहिजे!

चक्रधर

नर आणि मादी आपापल्या नळ्यांत बसून असतात. त्यांची भेट होत नाही. दोघेही आपली बीजे पाण्यात सोडून देतात आणि फलन उघड्या पाण्यात होते. अंडे एका मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाएवढे असते. म्हणजे वीस अंडी ओळीने मांडली तर मिलिमीटर भरेल. उबदार पाण्यात एका दिवसाच्या आत त्या अंड्यातून एक पोहणारे पिल्लू तयार होते. प्रौढाशी त्याचे काडीचेही साम्य नसते. अशा पिल्लाला मराठीत डिंभ म्हणतात.

हा डिंभ भोवऱ्यासारखा दिसतो. त्याच्या मध्यावर पक्ष्माभिकांचा एक पट्टा असतो. पक्ष्माभिका एकीमागून एक लवत असल्यामुळे पाहणाऱ्याला एखादे चाक फिरत असल्याचा भास होतो. म्हणून युरोपीय शास्त्रज्ञांनी त्याला ग्रीक शब्दांवरून ‘ट्रोकोफोर’ असे नाव दिले. त्याचा अर्थ चाक धारण करणारा. श्रोतेहो, या शब्दाचे मराठी रूप शोधण्यासाठी मराठीच्या प्राध्यापकाला कोश उघडावा लागत नाही. चाक धारण करणारा तो चक्रधर! ज्या नावापाशी मराठी गद्याचा इतिहास सुरू होतो, तेच नाव.

हा चक्रधर पाण्यातील एकपेशीय शैवाल खात चार-पाच दिवस तरंगत राहतो. या काळात त्याच्या अंगावर रोमयुक्त अशी तीन वलये तयार होतात आणि त्याची लांबी मिलिमीटरच्या साधारण पाचव्या भागाएवढी होते. आता तो वयात आला. भरती-ओहोटी आणि प्रवाह नेतील तेथे तो जातो. पण कोठे उतरावयाचे हे तोच ठरवितो. हाच तो निर्णय.

एकच निर्णय

प्रयोगशाळेत स्वच्छ धुतलेल्या काचेच्या भांड्यात निर्जंतुक समुद्रजल भरून त्यात हे डिंभ सोडले, तर ते बहुधा खाली बसत नाहीत. ते पोहतच राहतात. तेच भांडे काही दिवस समुद्राच्या पाण्यात ठेवून मग वापरले, तर थोड्याच वेळात ते तळाशी जाऊन घरे बांधू लागतात. फरक कोणता? आपल्या घरच्या पाण्याच्या हौदात हात घातला की भिंतीला एक बुळबुळ लागते. ती बुळबुळ म्हणजे जीवाणूंची वस्ती. समुद्रात बुडलेल्या कोणत्याही वस्तूवर काही तासांतच असा थर धरू लागतो. नळकृमीचा डिंभ हा थर चाचपतो. हवाई बेटांवरील केवालो सागरी प्रयोगशाळेत मायकेल हॅडफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतर जे प्रयोग केले, त्यांतून असे दिसून आले की थरातील जीवाणू मारून टाकले, तर डिंभाच्या लेखी त्या जागेचे आकर्षण उरत नाही. त्याला जिवंत वस्तीची साक्ष हवी असते.

याचे कारण तर्काने समजण्याजोगे आहे. जेथे जीवाणूंचा थर नीट जमला आहे, ती जागा पुरेसा काळ पाण्याखाली राहिली आहे आणि ती विषारी नाही, एवढे तरी त्यावरून कळते. ज्याला पुन्हा हलता येणार नाही, त्याने पूर्वीच्या रहिवाशांकडे चौकशी करावी, यात शहाणपणच आहे.

ही चौकशी कशी होते, याचे एक उत्तर २०१४ साली प्रसिद्ध झाले. या थरात स्यूडोआल्टेरोमोनास नावाच्या जीवाणूची एक जात असते. तिच्या पेशींत सूक्ष्म नळ्यांसारख्या रचनांचे गुच्छ तयार होतात; एका गुच्छात अशा सुमारे शंभर रचना असतात. जीवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंना शेपटी असते आणि ती आकसून टोचते. या रचना अगदी त्या शेपट्यांसारख्या आहेत. जीवाणूतील त्यांची जनुके निकामी केली, की डिंभाचे रूपांतर घडत नाही. म्हणजे जे मुळात टोचण्याचे हत्यार, तेच येथे एका परक्या जीवाच्या प्रौढपणाचे निमित्त ठरते. पुढच्या संशोधनात असेही आढळले की दुसऱ्या काही जातींचे जीवाणू अशा गुच्छांवाचून, आपल्या आवरणातील द्रव्यांच्या द्वारे हीच सूचना देतात. एकाच कुलपाला अनेक किल्ल्या लागतात, असे म्हणू या.

सूचना मिळताच जे घडते त्याचा वेग थक्क करणारा आहे. डिंभाची गती मंदावते. तो शेपटाकडून एक चिकट धागा सोडतो, पृष्ठभागावर सरपटतो, थबकतो आणि अंगाभोवती एक पातळ पारदर्शक नळी स्रवतो. हे काही मिनिटांत होते. मग पोहण्याचे चाक गळून जाते, गळपट्टी उलगडते, तुऱ्याचे कोंब फुटतात आणि काही तासांत चुन्याच्या नळीचे बांधकाम सुरू होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पेशींतील नवी प्रथिने बनविण्याचे काम औषधांनी थांबवूनही हे रूपांतर तुऱ्याचे कोंब फुटण्यापर्यंत पार पडते, असे आढळले. म्हणजे आरंभीची सर्व सामग्री त्याच्या अंगी आधीच तयार होती. वाट होती ती फक्त जागेची खूण पटण्याची. बिऱ्हाड बांधून दाराशी उभ्या असलेल्या माणसाला हाक येण्याचाच काय तो अवकाश!

त्यानंतर तीन-चार आठवड्यांत हा कृमी स्वतः बीजे सोडू लागतो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

जहाजाचा तळ

आता प्रश्न असा की, बोटाच्या पेराएवढ्या या जीवाशी माणसाचे भांडण का व्हावे? भांडण जागेवरून आहे. डिंभाला खडक आणि जहाजाचा तळ यांत भेद कळत नाही. एक कृमी बसला तर काहीच बिघडत नाही. पण हजारो नळ्या एकमेकींवर चढून खडबडीत चुन्याचा थर तयार होतो आणि जहाजाला पाणी कापणे जड जाते. एका युद्धनौकेविषयी २००७ साली केलेल्या गणितात, कठीण कवचाच्या जीवांनी तळ भरून गेला तर नेहमीचा वेग राखण्यासाठी ८६ टक्क्यांपर्यंत अधिक शक्ती लागते, असे निघाले. अमेरिकी नौदलाच्या विनाशिकांच्या एकाच वर्गावर या उपद्रवापोटी वर्षाला सुमारे ५ कोटी ६० लाख डॉलर खर्च होतो, असा अंदाज २०११ साली मांडण्यात आला. नुकसान नौदलापुरतेच नसते. १९६९ साली जपानमधील हिरोशिमाच्या उपसागरात याच कृमीने कालवांच्या शेतीची मोठी हानी केली.

आपल्या किनाऱ्याला हा त्रास जुनाच. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी आजही पाहावयास मिळते. भरतीबरोबर गलबत आत घ्यावे आणि पाणी उतरले की तळ उघडा करून त्याची डागडुजी करावी, अशी तिची योजना. तळ खरवडण्याचे कष्ट प्रत्येक आरमाराला आणि प्रत्येक कोळीवाड्याला ठाऊक होते. स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास मराठी संशोधकांनीही केला आहे. मुंबईत नौदलाच्या रसायन व धातुशास्त्र प्रयोगशाळेत ए. ए. करंदे यांनी आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत ए. बी. वाघ यांनी, बुडलेल्या वस्तूंवर बसणाऱ्या जीवांचा अनेक वर्षे अभ्यास केला. या अभ्यासाची रीत साधी पण चिकाटीची असते. पाण्यात फळ्या सोडायच्या, ठरावीक दिवसांनी काढायच्या, त्यांवर कोण किती बसले ते मोजायचे आणि ऋतुमानाशी ताडून पाहायचे. पावसाळ्यात खाडीचे खारेपण घटते आणि वस्तीला येणारी मंडळी बदलतात, हे अशा मोजणीतूनच कळते. त्यामागे भर उन्हापावसात धक्क्यावर उभे राहून केलेले काम असते.

विषाचा उपाय

माणसाने या भांडणात दीर्घकाळ एकच उपाय केला: विष. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी आरमाराने जहाजांच्या तळांना तांब्याचे पत्रे ठोकले. एकोणिसाव्या शतकात विषारी रंग आले आणि १९६० नंतर त्यांत ट्रायब्युटिल टिन नावाचे कथिलाचे संयुग मिसळू लागले. हा रंग कमालीचा गुणकारी ठरला. तळ स्वच्छ राहू लागले, इंधन वाचू लागले. पण रंगातून झिरपणारे विष केवळ तळावर बसू पाहणाऱ्यालाच मारीत नव्हते. फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात कालवांच्या शिंपा वेड्यावाकड्या आणि जाड होऊ लागल्या, त्यांचे डिंभ जगेनासे झाले. समुद्रगोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटू लागली आणि त्या वांझ झाल्या. १९८२ साली फ्रान्सने लहान नौकांवर या रंगाला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जागतिक करार केला आणि तो २००८ साली अमलात आला. एका किड्याचा बंदोबस्त करण्यासाठी निघालेला उपाय मागे घेण्यास चाळीसहून अधिक वर्षे लागली.

विष वापरणाऱ्याला शत्रूचे चरित्र जाणण्याची गरज वाटत नाही. त्याला फक्त मात्रा जाणावी लागते. आता मात्र चरित्राचा अभ्यास फळाला येऊ लागला आहे. सिलिकोनच्या गुळगुळीत लेपावर नळकृमी बसतो, पण त्याची पकड बसत नाही. जहाजाने वेग घेतला की तो निसटतो. येथे कोणाला मारावयाचे नसते, केवळ पाय रोवू द्यावयाचा नसतो. आणि ज्या जीवाणूंच्या सूचनेवरून डिंभ उतरतो, ती सूचनाच देता न येईल असा पृष्ठभाग तयार करण्याच्या दिशेनेही संशोधन चालू आहे. या सर्व उपायांचे मूळ एकच आहे: एका किड्याला जागा कशी पसंत पडते, हा वरकरणी निरुपयोगी वाटणारा प्रश्न कोणीतरी मनापासून विचारला.

या ठिकाणी बसलेल्या विद्यार्थ्यांना मला एवढेच सांगावयाचे आहे. मराठीत आपण क्षुद्रतेसाठी ‘किडामुंगी’ म्हणतो. त्या शब्दात तुच्छता आहे आणि तुच्छता ही जिज्ञासेची वैरीण आहे. ज्याला आपण आधीच क्षुद्र ठरविले, त्याच्याविषयी आपण प्रश्न विचारीत नाही. आणि ज्याच्याविषयी प्रश्न विचारीत नाही, त्याच्यावर विष ओतावयास आपला हात कचरत नाही.

समारोप

निसर्गातील उपमा माणसावर फार ताणू नयेत, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. कृमी हा उपदेश करण्यासाठी जगत नाही. तरीही या सभागृहात एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. आपले पूर्वज मराठवाड्यातून, विदर्भातून, पश्चिम महाराष्ट्रातून चाकरीसाठी, वकिलीसाठी, विद्येसाठी या शहरात आले. कोणत्या गल्लीत बिऱ्हाड थाटावे, हे ठरविताना त्यांनी काय पाहिले असेल? जवळपास आपली माणसे आहेत का, मुलांना शाळा आहे का, वाचनालय आहे का. त्यांच्या आधी कोणीतरी तो पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तेथे घातलेला होता. गुरुजींसारखे शिक्षक म्हणजे तो थर. त्यांची नावे इमारतीच्या कोनशिलेवर नसतात. पण नवा आलेला मुलगा वर्गात पाय ठेवतो तेव्हा त्याला ती जागा राहण्याजोगी वाटते, ती त्यांच्यामुळे.

एक फरक मात्र आहे. जीवाणूंचा थर काही तासांत आपोआप धरतो. शाळेचा थर धरावयास पिढी लागते आणि तो आपोआप टिकत नाही. या शहरात मराठी शिकणाऱ्या उद्याच्या मुलाला येथे उतरावेसे वाटावे, एवढी साक्ष आपण मागे ठेवतो आहोत काय? या प्रश्नाचे उत्तर व्याख्यात्याने द्यावयाचे नसते. ते माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी, आपल्या मुलांशी कोणत्या भाषेत काय बोलतो, हे पाहून द्यावयाचे आहे.